अनुभव धागा: साखळी रुग्णालयातली नोकरी

अनेक शहरांत शाखा असलेल्या रुग्णालय समूहांत काम करणाऱ्यांनी आपले अनुभव इथे लिहावेत, अशी विनंती आहे. डॉक्टरांबरोबरच परिचारिका, बिलिंग, औषध विभाग आणि स्वच्छता विभागातल्या लोकांनीही लिहावे. रुग्णालयाचे नाव नको. मुख्य कार्यालयात ठरलेले धोरण प्रत्यक्ष वॉर्डात उतरते तेव्हा काय होते, ते मात्र सविस्तर सांगावे.

परिचारिका, अतिदक्षता विभाग, पुणे

जीएनएम (परिचर्येची पदविका) झाल्यावर काही काळ मी एका छोट्या नर्सिंग होममध्ये होते, जिथे बहुतेक गोष्टी आठवणीवर चालत. पाळी बदलताना रुग्णाच्या उशाशी उभे राहून हँडओव्हर द्यायचा, पोटॅशियम क्लोराईडसारखी घातक ठरू शकणारी औषधे वेगळी, कुलपात ठेवायची आणि देण्यापूर्वी दुसऱ्या परिचारिकेची सही घ्यायची, ही शिस्त मला समूहात आल्यावर लागली आणि ती जन्मभर पुरेल. व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक परिचारिका असावी असा दंडक आहे. रुग्णालयांना गुणवत्तेची मान्यता देणाऱ्या एनएबीएच या संस्थेचे परीक्षक येतात त्या आठवड्यात तो तंतोतंत पाळला जातो, कारण तेव्हा कोणाची रजा मंजूर होत नाही आणि दुसऱ्या शाखेतूनही माणसे आणली जातात. एरवी रात्रपाळीला दोन व्हेंटिलेटर माझ्याकडे असतात. एकाचे सक्शन (श्वासनलिकेतला स्राव ओढून काढणे) चालू असताना दुसऱ्याचा अलार्म वाजला की हातमोजे उतरवायचे, हात निर्जंतुक करायचे, नवे हातमोजे चढवायचे. तेवढ्यात पहिल्याचे सॅच्युरेशन (रक्तातले ऑक्सिजनचे प्रमाण) घसरू लागलेले असते. ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा बाँड आहे आणि मूळ प्रमाणपत्रे एचआरकडे जमा आहेत, त्यामुळे राजीनाम्याचा विचार मनातच राहतो.

बिलिंग आणि टीपीए (विमा दाव्यांचे काम) कक्ष, नाशिक

सकाळच्या राउंडला डॉक्टर ‘आज घरी सोडू’ म्हणतात आणि नातेवाईक लगेच पिशव्या भरून आमच्या काउंटरसमोर येऊन बसतात. त्यानंतर डिस्चार्ज समरी तयार होते, न वापरलेली औषधे परत जातात, प्रत्येक विभागाची मंजुरी येते आणि मग कुठे अंतिम बिल विमा कंपनीकडे पोहोचते. डिस्चार्जची अंतिम मंजुरी 3 तासांत द्यावी असे बंधन आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेने 2024 मध्ये विमा कंपन्यांवर घातले खरे, पण ते घड्याळ रुग्णालयाची विनंती पोहोचल्यावर सुरू होते. त्याआधी गेलेला वेळ कोणाच्याच हिशेबात धरला जात नाही. आमच्या समूहात मोठ्या बिलांची तपासणी दुसऱ्या शहरातल्या केंद्रीय कक्षात होते. स्टेंटच्या पाकिटावरचे स्टिकर स्कॅनमध्ये पुसट आले म्हणून फाइल परत आली की शिव्या मी खातो. त्या कक्षाला मात्र मी दोष देणार नाही, कारण स्टिकर नसेल तर विमा कंपनी ती रक्कम कापते आणि भुर्दंड रुग्णालाच पडतो.

वैद्यकीय समाजसेविका, मुंबई

आमची शाखा धर्मादाय न्यासाच्या नावावर नोंदलेली आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयाने 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखायच्या असतात, आणि त्या खर्चासाठी बिलांच्या 2 टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा करायची असते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका तपासणे हे माझे काम. दाखला नसलेला माणूस गरीब नसतो असे थोडेच आहे? दर महिन्याच्या बैठकीत मात्र प्रत्येक शाखेचे भरलेल्या खाटेमागचे सरासरी उत्पन्न पडद्यावर दाखवले जाते आणि माझे रुग्ण ती सरासरी खाली आणणारे ठरतात. तसे कोणी तोंडाने बोलत नाही. फक्त ‘ही खाट आणखी किती दिवस?’ असा फोन येतो.

औषधनिर्माता, नागपूर

खरेदी केंद्रीय असल्याने डॉक्टरांना हवा तो ब्रँड यादीत नसला की वाद होतात. पण तुटवड्याच्या दिवसांत दुसऱ्या शाखेचा साठा संगणकावर दिसतो आणि औषध रातोरात मागवता येते. एकट्या रुग्णालयात हे जमत नाही.

स्वच्छता विभागाचा पर्यवेक्षक, ठाणे

वरचे सारे जण समूहाचे कर्मचारी आहेत. माझी माणसे ठेकेदाराची आहेत, पगारही त्याच्याकडूनच होतो. काम मात्र त्याच वॉर्डात. पिवळ्या पिशवीत, जिथे सुया टाकायच्याच नसतात, कधीकधी उघडी सुई निघते, आणि ती टोचली की उपचारांच्या खर्चासाठी एचआर ठेकेदाराकडे बोट दाखवते आणि ठेकेदार रुग्णालयाकडे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत अशा सर्व कामगारांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे बंधनकारक आहे. आमच्या इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरांनी पाठपुरावा केल्यामुळे पहिली मात्रा आता रुजू होतानाच मिळते. तिसरी सहा महिन्यांनी द्यायची असते, आणि तोवर बऱ्याचदा ठेकेदार बदलून माणसे दुसरीकडे गेलेली असतात.