पप्पांना हास जातीचा ॲव्होकॅडो लावायचाय, एजंट म्हणतोय माल थेट युरोपला जाणार. कुणी माहितगार आहे का?

शाहूवाडीची_लेक
नमस्कार सगळ्यांना. मी नोकरीसाठी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, माहेर शाहूवाडी तालुक्यात मलकापूरच्या पुढं. पप्पांचं तिथं पावणेदोन एकर रान आहे, निम्मं तांबडं उताराचं आणि निम्मं ओढ्याकडंचं काळं. ऊस आहे पण गव्यांनी नको करून सोडलंय, एका रात्रीत पंधरा सरी तुडवून गेले मागच्या महिन्यात. आता गावात एक एजंट येतोय, हास ॲव्होकॅडोची रोपं आम्ही देणार, १० वर्षांचा करार, माल आम्हीच उचलून नेदरलँडला पाठवणार असं सांगतोय. त्यानं मोबाईलवर तिकडच्या सुपरमार्केटचा फोटो दाखवला, एका फळाला दीड युरो म्हणजे आपले साधारण दीडशे रुपये, आणि पप्पांनी लगेच वहीत हिशोब मांडला, झाडाला २०० फळं गुणिले एवढी झाडं गुणिले दीडशे. ती वही मी बघितली आणि रात्रभर झोप नाही मला. रोपांचे निम्मे पैसे ॲडव्हान्स मागतायत, पंधरा तारखेच्या आत. पप्पा अडाणी नाहीत, आयुष्यभर शेती केलीय, पण या फळाचा आमच्यात कुणालाच काही गंध नाही. युरोपचा बाजार खरंच असा चालतो का? कुणी या धंद्यातलं असेल तर कृपया सांगा.

कागलकर_रॉटरडॅम
ताई, मी मूळ कागलचा, सात वर्षं झाली इकडं नेदरलँडमधे रॉटरडॅमजवळ फळांच्या गोडाऊनला कामाला आहे, रायपनिंगच्या म्हणजे फळं पिकवायच्या खोल्या बघतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर समजून घ्या.

पहिली गोष्ट, तो दीड युरो शेतकऱ्याचा नाही. त्यात सुपरमार्केट, रायपनिंग, पॅकिंग, इंपोर्टरचं कमिशन, जहाजाचं भाडं, पॅकहाऊस सगळं बसलंय. आणि बराच माल इकडं कमिशनवरच येतो, म्हणजे आपल्या अडतीसारखंच, आधी माल द्यायचा, विकला की पट्टी येते, मधे माल खराब निघाला की त्यातनं कापून घेतात. शाहू मार्केट यार्डात गूळ घेऊन गेलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

दुसरं म्हणजे इथं कोण विकतंय ते बघा. युरोपला सगळ्यात जास्त माल पेरू देशाचा येतो (फळ नव्हे, दक्षिण अमेरिकेतला देश). तिथं समुद्रकाठच्या वाळवंटात, ला लिबर्ताद, लांबायेके या भागात, डोंगरावरनं कालव्यानं पाणी आणून शेकडो हेक्टरच्या एकसलग बागा केल्यात. वर्षाला पाच लाख टनांच्या वर माल देशाबाहेर पाठवतात ते. एप्रिल ते सप्टेंबर त्यांचा जोर, त्याच वेळी दक्षिण आफ्रिका आणि केनिया पण उतरतात. हिवाळ्यात स्पेनच्या मालागाकडचा, मोरोक्कोचा, इस्रायलचा माल, शिवाय चिली, आणि कोलंबिया जवळजवळ बारा महिने. जगात सगळ्यात जास्त पिकवतो मेक्सिको, त्यातला बहुतेक मिचोआकान राज्यात, पण त्यांचं मोठं गिऱ्हाईक शेजारची अमेरिका. म्हणजे युरोपचं कॅलेंडर जवळजवळ भरलेलं आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात पेरूचा माल इतका आला की दर धाडकन पडले, आमच्या खोल्या गच्च होत्या आणि नवा कंटेनर ठेवायला जागा नव्हती.

आता माल कसा बघतात ते सांगतो. हास झाडावर पिकत नाही, तोडल्यावरच मऊ पडतो, त्यामुळं बाहेरून बघून कच्चा की तयार कळत नाही. म्हणून ड्राय मॅटर, म्हणजे गरातलं पाणी काढून जे उरतं ते बघतात, हासला कमीत कमी २१ टक्के लागतो. घरी पण करता येतं, गर किसून बरोबर १० ग्रॅम घ्यायचा, मायक्रोवेव्हमधे थोडा थोडा वेळ ठेवून पूर्ण वाळवायचा आणि परत वजन करायचं. २.१ ग्रॅमच्या खाली भरलं तर फळ अजून तयार नाही. लवकर तोडलं तर ते पिकत नाही, रबरासारखं होतं, देठाकडं सुरकुततं, आणि एकदा असं फळ खाल्लेलं गिऱ्हाईक महिनाभर ॲव्होकॅडोकडं बघत नाही. केनियाचं सरकार तर दरवर्षी काही काळ तोडणीच बंद ठेवतं, कच्चा माल जाऊ नये म्हणून.

साईज पण बघा. ४ किलोच्या पेटीत किती फळं बसतात तोच नंबर. १८ नंबर म्हणजे साधारण सव्वादोनशे ग्रॅमचं फळ. इकडं १६ ते २० नंबर चांगले चालतात, बारीक माल जाळीच्या पिशवीत स्वस्तात जातो. एका चाळीस फुटी कंटेनरमधे वीस-बावीस टन माल बसतो, आणि तो सगळा एकसारख्या तयारीचा पाहिजे. पावणेदोन एकरातनं तो कुठनं निघणार? गावात आणखी कितीजणांनी लावलंय हे त्या एजंटला नक्की विचारा.

भुदरगडचा_शेतकरी
वरच्या भावानं बाजाराचं सांगितलं, मी जमिनीचं सांगतो. माझी ६० झाडं आहेत, चार वर्षं झाली. होती ७५. पंधरा मेली, आणि ती सगळी खालच्या काळ्या रानातली.

ॲव्होकॅडोच्या मुळाला पाणी तुंबलेलं अजिबात चालत नाही. फायटोफ्थोरा म्हणून बुरशी येते, बारीक पांढरी मुळं काळी पडून कुजतात, वरनं बघितलं तर पानं मलूल दिसतात आणि आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून आपण आणखी पाणी देतो. मी हेच केलं ताई. पहिलं झाड गेलं तेव्हा उपटून बघितलं, हाताला मुळी लागलीच नाही, नुसता चिखल. आपल्याकडं जून ते सप्टेंबर पाऊस उसंत देत नाही, त्यात काळं रान म्हणजे झाडाला बुडवून मारण्यासारखं आहे. तांबड्या उतारावर, दीड-दोन फूट उंच बेड घालून, त्याच्यावर लागण केली तरच. नाहीतर लावूच नका, कोण काहीही सांगू दे.

दुसरं, फुलाचं. ॲव्होकॅडोचं फूल दोनदा उघडतं, एकदा मादी म्हणून एकदा नर म्हणून. हास हा ए टाइप, त्याची मादी सकाळी उघडते आणि तेच फूल दुसऱ्या दिवशी दुपारी नर म्हणून. बी टाइपचं उलटं. म्हणून बागेत थोडी झाडं बी टाइपची पाहिजेत, झुटानो किंवा एटिंगर, आणि मधमाशी पाहिजे. एजंटनं नुसती हास देतो म्हटलं असेल तर त्याला हे विचारा, गप्प बसला तर समजून जावा. आणि फुलोऱ्यात उन्हाचा तडाखा बसला की बारीक फळं गळतात, यंदा माझी खंडीभर गळली. तुमच्याकडं गारवा जरा बरा आहे म्हणा.

झाडाला २०० फळं हा हिशोब चौथ्या वर्षाचा तर नक्कीच नाही. माझ्या चांगल्या झाडाला गेल्या वर्षी ३५ आली आणि मी त्यातच खूश आहे.

फळवाला_लक्ष्मीपुरी
मी फळांचा व्यापार करतो. ताई, युरोपचं राहू दे बाजूला, आपल्या देशातच लोक टांझानियाचा माल आयात करून खातायत. पुणे-मुंबईला हॉटेलवाले, जिमवाले वर्षभर मागतात, कोल्हापुरात पण पाच वर्षांपूर्वी मी एक पेटी आणायला घाबरायचो, आता दर आठवड्याला आणतो. कूर्ग, कोडाईकनालचा देशी बटर फ्रूट येतो तो मोठा, हिरवा आणि पाणचट, दोन दिवसात मऊ पडतो. गिऱ्हाईक काळ्या सालीचा हास मागतं आणि जास्त पैसे देतं. मुंबई एका रात्रीत गाठता येते, मग महिनाभर जहाजात घालवायचं कशाला?

आणि युरोपला माल पाठवणं म्हणजे कागदाचं काम आहे. ग्लोबल गॅप (शेती नियमानं केल्याचं सर्टिफिकेट), फवारणीच्या नोंदी, औषधांचे अंश, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (मालात कीड-रोग नसल्याचा दाखला). १ मे २०१४ पासून त्यांनी आपला हापूस बंद केला होता, फळमाशी सापडली म्हणून, २०१५ च्या जानेवारीत उठवलं तोपर्यंत एक हंगाम गेला. त्याआधी २०१० ला द्राक्षात सीसीसी या वाढ रोखायच्या औषधाचे अंश निघाले म्हणून कंटेनर अडकले, आपल्या सांगली-तासगावच्या लोकांना विचारा काय हाल झाले ते. त्या लोकांनी पुढं सगळं शिकून घेतलं, आज त्यांची द्राक्षं मानानं जातात, पण त्यामागं वीस-पंचवीस वर्षांची यंत्रणा आहे. ॲव्होकॅडोत आपण अजून पाटी-पेन्सिल घेतोय.

कागलकर_रॉटरडॅम
जहाजाचं बरं आठवलं. २०२३ च्या शेवटी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि सुएझचा रस्ता सोडून जहाजं आफ्रिकेला वळसा घालून यायला लागली, दहा-पंधरा दिवस वाढले. केनियाचा माल आमच्याकडं उतरायचा तेव्हा पेटी उघडली की आतला गर करडा झालेला असायचा. थंडीत जास्त दिवस राहिलं की असं होतं, सालीवरनं काही कळत नाही, कापल्यावर दिसतं. न्हावाशेवाहून येणारा माल पण त्याच रस्त्यानं येणार. त्या नुकसानीत शेतकऱ्याच्या पट्टीवर काय शिल्लक राहिलं असेल हे बघून मला वाईट वाटायचं, आपलीच माणसं वाटायची ती.

शाहूवाडीची_लेक
तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. काल रात्री पप्पांना सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले त्या भुदरगडच्या माणसाला विचार, निचरा कसा बघायचा. आणि करारात "गुणवत्ता समाधानकारक असल्यास माल उचलू" असं वाक्य आहे, त्याचा अर्थ काय घ्यायचा?

भुदरगडचा_शेतकरी
दोन फूट खोल खड्डा काढा, पाण्यानं भरा, जिरू द्या, परत भरा आणि दुसऱ्यांदा किती वेळ लागतो ते बघा. दोन-चार तासात उतरलं तर चालेल. रात्रभर राहिलं तर तिथं ॲव्होकॅडो नाही.

त्या वाक्याचा अर्थ एवढाच की उचलायचं का नाही ते तेच ठरवणार. ड्राय मॅटर किती, साईज कुठली, दर कधी ठरणार, पैसे किती दिवसात, हे आकड्यात लिहून दिलं तर बघा, नाहीतर ॲडव्हान्स देऊ नका. रोपं कुठल्या खुंटावर कलम केलीत ते पण विचारा. आणि पप्पांना घेऊन एकदा माझ्याकडं या, मेलेल्या झाडांची जागा पण दाखवतो, मेसेज करा.

शाहूवाडीची_लेक
रविवारी गेलो होतो गावी. दोन्हीकडं खड्डे काढले, पप्पा स्वतः कळशीनं पाणी ओतत होते. वरच्या तांबड्यात दुसऱ्यांदा भरलेलं पाणी अडीच तासात गेलं. ओढ्याकडचा खड्डा संध्याकाळी होता तसाच, सकाळी सहाला बॅटरी घेऊन बघितलं तर अजून वीतभर पाणी होतं. एजंटला फोन करून आकडे लिहून मागितले, तो म्हणाला साहेबांशी बोलून कळवतो, अजून कळवलेलं नाही. पंधरा तारीख गेली. पप्पांनी वहीतलं ते पान फाडलं नाही, त्याच्या खाली नवीन लिहिलंय, तांबड्यात २० झाडं, त्यातली ३ बी टाइप, बेड घालून. पुढच्या रविवारी भुदरगडला येतोय दादा, पत्ता पाठवा.