ड्रुपल ७ वरून थेट ११: आराखडा कसा आखावा?

टिपकागद
आमच्या मासिकाची साइट ड्रुपल ७ (साइट चालवायचं मुक्त सॉफ्टवेअर) वर आहे. अकरा हजारांच्या आसपास लेख, साडेतीन लाख प्रतिसाद, नऊ हजार सदस्य. बाहेरची मॉड्यूलं, म्हणजे वरून जोडायचे तुकडे, ६४ (याद्यांची पानं बनवणारं व्ह्यूज, पानांची मांडणी करणारं पॅनल्स, फील्ड कलेक्शन, वेबफॉर्म, लेखांचे पत्ते बनवणारं पाथऑटो वगैरे), स्वतः लिहिलेली तीन आणि घरचीच थीम. ७ चा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ लाच संपला, त्यामुळे आता चालढकल नको. संपादक मंडळाची समजूत अशी की दोन दिवस साइट बंद ठेवायची, अपडेट मारायचं, झालं. ८, ९, १० असं टप्प्याटप्प्याने जावं लागतं का? कामाचा क्रम काय ठेवावा? आणि नेमकं फसतं कुठे?

खलाशी
टप्पे लागत नाहीत. ८ पासून पुढे जागच्या जागी अपग्रेड होतं, कारण पाया तोच: सिम्फनी (पीएचपीची चौकट), ट्विग (टेम्प्लेटची भाषा), कंपोझर (लागणारा कोड गोळा करणारं साधन). ७ मध्ये यातलं काहीच नाही. म्हणून ११ ची रिकामी साइट शेजारी उभी करायची आणि कोअरमधलं (मूळ ड्रुपलमधलंच) मायग्रेट मॉड्यूल जुन्या डेटाबेसमधून माल ओढून आणतं. जुन्या डेटाबेसमधून फक्त वाचलं जातं, साइट चालूच राहते. मंडळाला सांगा की हे अपडेट नाही, नवं बांधकाम आहे. मुदत त्या हिशेबाने मागा.

आधी सर्व्हर बघा. ११ ला पीएचपी ८.३ आणि मायएसक्यूएल ८.० किंवा मारियाडीबी १०.६ लागतं. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर कंपोझर मेमरीअभावी मध्येच मरतो. तिथे तो आपल्या मशीनवर चालवून तयार व्हेंडर फोल्डर (गोळा केलेला कोड) वर चढवावा. डॉक्युमेंट रूट (सर्व्हर जिथून साइट दाखवतो तो फोल्डर) आता आतल्या ‘वेब’ फोल्डरवर असतो, होस्ट तो बदलू देतो का हे आधीच विचारून घ्या.

मग ६४ मॉड्यूलांची यादी. काही कोअरमध्ये गेली आहेत (व्ह्यूज, एंटिटी रेफरन्स, बरंचसं डेट). काहींची नवी आवृत्ती आहे (पाथऑटो, रीडायरेक्ट, वेबफॉर्म, वेबफॉर्मचा जुना डेटा आणायला वेगळं मायग्रेशन मॉड्यूल लागतं). काहींची जागा दुसऱ्यांनी घेतली: फील्ड कलेक्शन पॅराग्राफ्समध्ये जातं, पॅनल्सच्या जागी लेआउट बिल्डर. उरलेली बहुतेक फक्त चालू राहून गेलेली असतात, त्यांना तिथेच राहू द्या.

व्ह्यूज कोअरमध्ये आलं याचा अर्थ तुमचे व्ह्यूज आपोआप येतील असा नाही. एकही येत नाही, हाताने पुन्हा बांधावे लागतात. पॅनल्सची पानंही तशीच. अंदाजपत्रक सर्वात जास्त इथे कोसळतं. म्हणून कुठल्या व्ह्यूला खरोखर वाचक येतात हे सर्व्हरच्या लॉगवरून काढा आणि तेवढेच बांधा.

घरची मॉड्यूलं नव्याने लिहायची. हुक-मेनू (पानांचे पत्ते नोंदवणारं फंक्शन) जाऊन राउटिंगची यामल फाइल आणि कंट्रोलर क्लास येतो. ब्लॉक हे प्लगइन होतात. सेटिंग वाचणाऱ्या व्हेरिएबल-गेटच्या जागी कॉन्फिग किंवा स्टेट. फॉर्म बदलणारा हुक-फॉर्म-ऑल्टर मात्र जिवंत आहे, तेवढाच दिलासा. रेक्टरसारखी आपोआप कोड बदलणारी साधनं ८ च्या पुढच्या कोडसाठी आहेत, ७ च्या कोडवर त्यांचा उपयोग नाही.

क्रमातला एक मुद्दा मात्र ठळक लिहून ठेवा: लागणारी सगळी मॉड्यूलं आधी चालू करा आणि मगच मायग्रेशनच्या व्याख्या (काय कुठून कुठे न्यायचं याच्या नोंदी) तयार करा. पॅराग्राफ्स बंद असताना व्याख्या बनवल्या तर फील्ड कलेक्शनची फील्डं वगळली जातात आणि ते लक्षात येतं थेट लेख उघडल्यावर. तसंच नव्या साइटवर चाचणीपुरताही लेख टाकू नका. नोड आणि सदस्यांचे जुने क्रमांक तसेच येतात, तुमचा चाचणीलेख क्रमांक १ चिरडला जाईल. साडेतीन लाख प्रतिसाद ब्राउझरच्या पानावरून चालवायचे नाहीत, ड्रशनेच (ड्रुपलचं कमांड-लाइन साधन). प्रत्येक फेरीनंतर मायग्रेट-मेसेजेस वाचा. ‘पूर्ण’ असं दाखवूनही शेकडो ओळी गळालेल्या असू शकतात.

सदाफुली
वरच्याशी सहमत. मराठी मजकुराचं वेगळं सांगते.

साइट युनिकोड रुळण्याच्या आधीपासूनची असेल तर काही लेख युनिकोडपूर्व फॉन्टात असतील, श्रीलिपी किंवा डीव्हीबी-टीटी सुरेख. डेटाबेसमध्ये ती रोमन अक्षरांची खिचडी असते आणि भोवती फॉन्ट टॅग. कुठल्या फॉन्टचं कोष्टक लावायचं हे फक्त त्या टॅगमधल्या नावावरूनच कळतं. सीकेएडिटर ५ (११ मधला लेख लिहायचा एडिटर) परवानगी नसलेले टॅग काढून टाकतो: असा लेख एडिटरमध्ये उघडून जतन केला की टॅग गेला आणि खूणही गेली. म्हणून हे रूपांतर जुन्या डेटाबेसच्या प्रतीवरच, मायग्रेशनच्या आधी करा.

दुसरं, मजकूर-प्रकार (लेखावर कोणते फिल्टर लागतात ते ठरवणारी सेटिंग). कोणत्याही लेखात पीएचपी फिल्टर (लेखातला कोड चालवणारा) वापरला असेल तर तो फिल्टर आता कोअरमध्ये नाही. त्याच्या जागी रिकामा फिल्टर बसतो आणि अख्खा लेख कोरा दिसतो. मजकूर डेटाबेसमध्ये शाबूत असतो, घाबरू नका. असे लेख मोजा आणि त्यांचा प्रकार आधीच बदला.

पाथऑटोमध्ये ‘फक्त अक्षरं आणि अंक ठेवा’ हा पर्याय बंद हवा. त्याच्या लेखी अक्षरं म्हणजे फक्त आस्की, देवनागरी शीर्षकातून काहीच उरत नाही. जुने पत्ते मायग्रेशनमध्ये जसेच्या तसे येतात, पण सगळे पत्ते एकगठ्ठा नव्याने बनवायचं बटण चुकूनही दाबू नका, शोधयंत्रांतले दुवे मोडतील.

अवांतर: ‘दुसऱ्या’ मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकला जातो. एकदा ‘ऱ’ अधिक हलन्त, एकदा ‘र’ अधिक हलन्त अधिक अदृश्य जोडचिन्ह. दिसायला सारखेच, शोधात वेगळे. सगळा मजकूर एकदा हातातून जातोच आहे तर प्रोसेस प्लगइनमध्ये (मायग्रेशन चालू असताना मजकूर बदलणारा तुकडा) एकच रूप करून घ्या, आणि तोच नियम शोधाच्या चौकटीतल्या शब्दालाही लावा. नाहीतर निम्मे लेख सापडणार नाहीत.

पाटावरवंटा
मी उलट बाजूने बोलतो. पूर्णवेळ प्रोग्रामर नसलेल्या मासिकाने ११ च्या वाटेला का जावं? बॅकड्रॉप बघितलंत का? ड्रुपल ७ चीच फांदी, पहिली आवृत्ती जानेवारी २०१५ ची. हुक तसेच, कंपोझरची सक्ती नाही, आणि ७ चा डेटाबेस जागच्या जागी अपग्रेड होतो. व्ह्यूज कोअरमध्ये आहे. घरच्या मॉड्यूलांत बदल लागतात, पण पुनर्लेखन नाही. थीमही डागडुजीवर निभावते. अटी दोन: ब्लॉक आणि पॅनल्सच्या जागी त्यांचं स्वतःचं लेआउट आहे, ते हाताने मांडावं लागेल. आणि तुमची मॉड्यूलं तिथे आली आहेत का हे एकेक करून तपासावं लागेल.

खलाशी
मुद्दा रास्त आहे. पुढची पाच-सात वर्षं साइट आहे तशीच चालवायची असेल तर बॅकड्रॉप स्वस्त पडेल. अॅपसाठी एपीआय (डेटा पुरवायची सोय) द्यायचा असेल, किंवा बाहेरचा डेव्हलपर ठेवायचा असेल, तर मी ११ कडे झुकेन, कारण सिम्फनी येणारी माणसं जास्त मिळतात.

टिपकागद
धन्यवाद. पुढच्या वर्षी अॅपचा विचार आहे, म्हणून ११ च. आणखी दोन शंका: सदस्यांना पासवर्ड बदलायला लावावा लागेल का? आणि बदलाच्या दिवशी येणाऱ्या प्रतिसादांचं काय?

खलाशी
पासवर्ड: १०.१ पासून ड्रुपलने पीएचपीची स्वतःची हॅश पद्धत (पासवर्ड उलगडता न येणाऱ्या रूपात साठवायची रीत) घेतली. ७ चे हॅश ओळखायला कोअरमधलंच ‘पीएचपास’ मॉड्यूल चालू ठेवा. सदस्य जसजसे लॉगिन होतील तसतसे त्यांचे हॅश नव्या रूपात जतन होतात. ते बंद राहिलं तर पहिल्याच सकाळी नऊ हजार जण ‘पासवर्ड विसरलात?’ वर.

चाचणीच्या साइटवर खरे ईमेल पत्ते येणार, तेव्हा बाहेर जाणारी मेल पहिल्या फेरीआधीच तोडा आणि क्रॉन (ठरावीक वेळी आपोआप चालणारी कामं) बंद ठेवा.

बदलाचा दिवस: मायग्रेशन पुन्हा चालवलं की फक्त नव्याने आलेल्या ओळी घेतल्या जातात. मधल्या काळात संपादित झालेले लेख अपडेटचा पर्याय दिल्याशिवाय बदलत नाहीत, इथे गल्लत होते. म्हणून आदल्या आठवड्यात संपूर्ण फेरी मारा आणि फायली आरसिंकने (फायलींची नक्कल करणारं साधन) त्याच ‘साइट्स-डिफॉल्ट-फाइल्स’ मार्गावर नेऊन ठेवा, म्हणजे लेखांतले चित्रांचे दुवे मोडणार नाहीत. डीएनएसचा टीटीएल (साइटचा जुना पत्ता बाहेर किती वेळ लक्षात राहतो ती मुदत) ३०० सेकंदांवर आणा. बदलाच्या रात्री जुन्या साइटवरची लिहिण्याची परवानगी सगळ्या भूमिकांकडून काढा, वाचन चालू राहू द्या. शेवटची फेरी मारा, प्रकारनिहाय संख्या दोन्हीकडे जुळवा, मग डीएनएस फिरवा. शोधाची अनुक्रमणिका शून्यातून बनते, पहिले काही तास शोध अर्धवट चालेल, तशी पाटी वर लावा. जुना सर्व्हर महिनाभर कुलूपबंद ठेवा, पण पुसू नका.