९ वर्षं एकाच ब्रँडची गाडी, आता टूरिंगसाठी दुसरा ब्रँड घ्यावा का? (बेळगाव)

घाटवाट_शहापूर

मंडळी नमस्कार. बेळगाव शहापूरचा आहे, वय ४६. प्रश्न जरा लांब आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्ही तरी काय सल्ला देणार, म्हणून सविस्तर लिहितोय.

२०१६ च्या दसऱ्याला सध्याची गाडी घेतली, सिंगल सिलिंडर, टूरिंगसाठी म्हणूनच घेतली होती. आता ७८,००० किमी झालेत. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण नाव आलं की प्रश्न बाजूला राहतो आणि ब्रँडवरच वाद सुरू होतो. दुकान सांभाळून महिन्यातनं एक-दोन रविवार मिळतात, त्यात आंबोली, चोर्ला उतरून गोवा, अनमोड, गोकर्ण, दोनदा पंढरपूर आणि एकदा बदामी करून हंपी. मागं बायको असतेच, एकटा मी फार कमी जातो.

आता अडचण काय झालीय सांगतो. हायवेला ८५ च्या वर गेलं की हँडल आणि फूटरेस्ट थरथरायला लागतात, कोल्हापूरला पोचेपर्यंत हातांना मुंग्या येतात. बायकोची कंबर तर संकेश्वरलाच दुखायला लागते, ती बोलत नाही पण उतरताना तिचं तोंड बघितलं की कळतं. यावर्षी एका पार्टसाठी गाडी ३ आठवडे सर्व्हिस सेंटरला पडून होती. आणि जुलैमध्ये चोर्ल्याच्या उताराला पाऊस चालू, रस्त्यावर लाल चिखल, वळणावर म्हैस आडवी आली, ब्रेक दाबला तर मागचं चाक लॉक होऊन गाडी तिरकी सरकत गेली. पडलो नाही, म्हशीपासून दोन हातांवर थांबली. गाडीला एबीएस नाही, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा. त्या दिवसापासून मनात भीती बसलीय ती जात नाही.

डोक्यात तीन गाड्या आहेत, रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५०, केटीएम ३९० ॲडव्हेंचर आणि सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स. तिन्ही ब्रँड मला नवीन. पण या गाडीचा आवाज जरा बदलला तरी काय झालंय ते मला घरातनं कळतं, आमचा वडगावचा मिस्त्री तर नुसता हात लावून सांगतो. त्याला विचारलं तर म्हणाला "गाडी चलो ऐत्री, बिडब्याडरी", म्हणजे गाडी चांगली आहे, सोडू नका. आता तो म्हणतो सोडू नका आणि मला रात्री झोपताना ती म्हैस दिसते. काय करू?

निपाणी_ते_कुठंही

दादा मी ३ वर्षांमागं ब्रँड बदललाय म्हणून लिहितो. गाडी एक नंबर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण पहिल्या वर्षी क्लच लिव्हर तुटला, गाडी तवंदी घाटात नुसती आडवी झाली होती, स्पीड पण नव्हता, आणि त्या एका लिव्हरसाठी मी १७ दिवस थांबलो. शोरूम चकाचक होतं, कॉफी पण दिली, लिव्हर नव्हता.

त्यामुळं माझं म्हणणं एवढंच की शोरूममध्ये पुढच्या दारानं जाऊ नका, मागं वर्कशॉपला जावा. पार्ट काउंटरवाल्याला सरळ विचारा, पुढचा ब्रेक लिव्हर आहे का, क्लच प्लेट आहेत का, एअर फिल्टर आहे का, आत्ता शेल्फवर आहे की मागवावं लागतं. तिन्हीला "मागवू की" म्हणाला तर समजून घ्या. आणि बाहेर सर्व्हिस घेऊन थांबलेले जे असतात त्यांच्याशी अर्धा तास बोला, एवढं खरं तुम्हाला कुठल्या व्हिडिओत मिळणार नाही.

आणखी एक. तुम्ही ४० पीएस ताकदीच्या गाड्या बघताय, हिमालयन ४५० ची ४० आहे, नवीन ३९९ सीसीच्या ३९० ॲडव्हेंचरची ४६. आपल्या चारपदरी हायवेला बाईकची मर्यादा ८० ची आहे. कागलच्या पुढं सहापदरीचं काम चाललंय, डायव्हर्जनवर डायव्हर्जन, तिथं ८० पण होत नाही. तुमच्यासारखं बायकोला मागं बसवून जाणाऱ्याला ती ताकद कुठं लागणार? चढाला ओव्हरटेक करताना उपयोग होतो हे मान्य, पण त्यासाठी किती मोजायचे ते बघा.

लोंढा_रायडर

नमस्कार काका. मी स्वतः व्ही-स्ट्रॉम एसएक्स चालवते, त्याआधी ६ वर्षं नवऱ्याच्या मागं बसून फिरले, म्हणून काकूंच्या बाजूनं बोलते.

तुम्ही एवढं लिहिलंत, पण काकूंना एकाही गाडीवर बसवून बघितलंत का? मागची सीट किती रुंद, तिथं बसल्यावर गुडघे किती वर येतात, पाय ठेवायचं कुठं येतं, धरायला काय आहे, यावर सगळं ठरतं. कंबर दुखते म्हणजे प्रत्येक खड्ड्याचा दणका सरळ मणक्यात जातोय. ॲडव्हेंचर गाड्यांचं सस्पेन्शन लांब असल्यानं जांबोटी-कणकुंबी रस्त्याला फरक नक्की पडतो, पण त्याच कारणानं सीट उंच असते आणि साडी असो की पंजाबी ड्रेस, चढायला त्रास होतो. माझ्या गाडीची सीट ८३५ मिमी, हिमालयनची ८२५, ती वर करून ८४५ पण होते. माझी उंची ५ फूट २ इंच. पहिले दोन महिने सिग्नलला गोगटे सर्कलला घाम फुटायचा, आता एक पाय टेकवून थांबायची सवय झालीय.

वजनाचा पण विचार करा, हिमालयन ४५० भरल्या टाकीसह १९६ किलो, माझी १६७. मागं माणूस, सॅडल बॅगा, आणि अनमोडला चिखलात गाडी वळवायची वेळ आली की ते २९ किलो कळतात. उलट टाकीत हिमालयन पुढं, तिला १७ लिटर बसतं आणि माझ्या गाडीला १२ च. हंपीकडं लांब जाताना मला पंपाचा हिशोब ठेवावा लागतो.

म्हैस आडवी आल्याचं वाचून अंगावर काटा आला. तुम्ही दोघं ठीक आहात हे महत्त्वाचं.

उद्यमबाग_लेथ

मी उद्यमबागेत मशिनिंगचं काम करतो, गाड्या खोलायचा नाद २० वर्षं आहे. तुमच्या तीन तक्रारी एकाच टोपलीत टाकू नका, वेगवेगळ्या आहेत.

थरथर : सिंगल सिलिंडर म्हणजे एकच पिस्टन वरखाली, त्याचा हिसका तोलायला दुसरा पिस्टन नाही, बॅलन्सर शाफ्ट असेल तर कमी होतो पण जात नाही. तुम्ही बघताय त्या तिन्ही गाड्या पण सिंगलच आहेत हे लक्षात घ्या. नवीन इंजिनं पुष्कळ स्मूद आहेत, होय, पण एकदम लोण्यासारखं पाहिजे असेल तर ट्विन सिलिंडर बघावी लागेल आणि मग बजेट वेगळं. मात्र ७८,००० ला थरथर *वाढली* असेल तर आधी इंजिन माउंटिंगचे बोल्ट आणि बुश बघा, चेन-स्प्रॉकेट बघा, कोनसेट (हँडलच्या बेअरिंग) आणि चाकाच्या बेअरिंग बघा. माझ्याकडं एकजण गाडी विकायला काढून आला होता, माउंटिंगचा एक बोल्ट ढिला आणि भोक लांबट झालेलं, बुश टर्न करून बसवला, अजून चालवतोय.

कंबर : मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवलीय ते, कधी बदललाय का? बहुतेक लोक शोरूममधनं येतो तसाच ठेवतात. मागं माणूस आणि बॅगा असल्या की तो वाढवायचा, टायरमध्ये हवा पण स्टिकरवर दोघांसाठी लिहिलेली असते तेवढी भरायची. आणि ९ वर्षांत शॉकअपमधलं तेल संपून तो नुसता स्प्रिंगवर उड्या मारत असणार. बायको बसलेली असताना मागनं दाबून सोडा, एकदा येऊन थांबला पाहिजे, दोन-तीनदा हेलपाटला तर गेला.

एबीएस : याला मात्र माझ्याकडं इलाज नाही. ते बाहेरनं बसवून घ्यायची वस्तू नाही, चाकाचा सेन्सर, मॉड्युलेटर, सगळं त्या गाडीच्या वजनाला जुळवलेलं असतं. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला ते सक्तीचं केलंय, उगीच नाही केलं. मी तुमच्या मिस्त्रीसारखाच जुन्या गाडीचा माणूस, पण तुम्ही चोर्ला पावसात करता, आणि तेही बायकोला घेऊन. दुसऱ्या कुठल्या कारणासाठी मी तुम्हाला गाडी बदला म्हणालो नसतो, या एका कारणासाठी म्हणतो. ब्रँड कुठलाही घ्या.

घाटवाट_शहापूर

लेथवाले दादा, तुमचं वाचून लगेच खाली जाऊन प्रीलोड बघितला. ९ वर्षं सगळ्यात मऊ खाचेवर होता. ९ वर्षं! मला हे कोणीच सांगितलं नाही आणि मी पण कधी विचारलं नाही, हिची कंबर उगीच दुखत राहिली. फार वाईट वाटलं. शॉकअप दाबून बघितला, तो पण गेलाय.

एबीएसचं पटलं.

हिंडलगा_फौजी

साहेब, पैशाचं कोणी बोललं नाही म्हणून मी बोलतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदललाय, ३५० सीसीपर्यंत २८ चा १८ टक्के झाला आणि ३५० च्या वर सरळ ४० टक्के. तुमच्या यादीत व्ही-स्ट्रॉम २४९ सीसी म्हणजे १८ मध्ये, बाकी दोन ४० मध्ये. त्यावर आपला कर्नाटकचा लाइफटाइम टॅक्स, लाखाच्या वरच्या बाईकला १८ टक्के. ऑन रोड कोटेशन हातात घेतल्याशिवाय तुलना करू नका, शोरूमच्या बोर्डावरची किंमत आणि हातात पडणारी किंमत यात लई अंतर असतं.

आता कोणीतरी येऊन सांगणार की कोल्हापूरला पाहुण्याच्या पत्त्यावर एमएच ०९ करा, तिकडं टॅक्स कमी. करू नका. कायद्यानं गाडी जिथं राहते तिथंच नोंदवायची असते, आणि दुसऱ्या राज्याची गाडी १२ महिन्यांच्या वर इथं ठेवली की नंबर बदलून इथला टॅक्स भरावाच लागतो. आपल्या सीमाभागात रोज इकडनं तिकडं जाणं, घरं दोन्हीकडं, त्यामुळं लोकांना हे साधं वाटतं, पण चेकिंगला अडकलं की वाचवलेले पैसे आणि दिवस दोन्ही जातात. माझी स्वतःची गाडी फौजेमुळं बीएच सिरीजची (देशभर चालणारा नंबर) आहे, टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरतो, पण ती सोय दुकानदाराला नाही.

आणि नो क्लेम बोनस, म्हणजे इन्शुरन्सचा क्लेम न घेतल्याबद्दल मिळणारी सूट, विसरू नका. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी विकताना इन्शुरन्स कंपनीकडनं त्याचं पत्र घ्या आणि नव्या पॉलिसीला लावा, ५० टक्क्यांपर्यंत साठला असेल तर ओन डॅमेजच्या (आपल्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियममध्ये चांगला फरक पडतो.

चंदगड_०९

जुनी विकणार असाल तर मला सांगा, गावात शेताकडं जायला पाहिजे. पण तुमची केए २२ असणार म्हणजे बेळगाव आरटीओची एनओसी (ना हरकत पत्र) लागणार, फॉर्म २८. मागं एक गाडी अशीच घेतलेली, विकणाऱ्यानं मालकी बदलायच्या फॉर्म २९-३० वर सह्या दिल्या पण एनओसीला ४ महिने लावले, तेवढे दिवस ती गोठ्यात उभी. एनओसी आधी काढून ठेवणार असाल तरच बोलू.

निपाणी_ते_कुठंही

फौजी साहेबांनी महत्त्वाचं सांगितलं. टॅक्सचं बघता दादांसाठी मला तरी २५० च बरी वाटतेय, फक्त एक शंका, दोघं आणि बॅगा घेऊन चोर्ला चढताना २६.५ पीएसला जड जाईल का?

लोंढा_रायडर

जड नाही जात, गिअर पाडावा लागतो. आम्ही दोघं दोन बॅगा घेऊन अनमोड चढतो, तिसऱ्यावर आरामात. ज्याला टॉपमध्ये ठेवून नुसता पीळ देत चढायची सवय आहे त्याला आवडणार नाही. काका, वाचून कळणार नाही हे. पुढच्या रविवारी आम्ही खानापूरहून जांबोटीला जाणार आहोत, तुम्ही काकूंना घेऊन या, माझी गाडी घ्या आणि दोघं कणकुंबीपर्यंत जाऊन या. शोरूमवाले मागं माणूस बसवून घाटात कुठं टेस्ट राइड देतात?

घाटवाट_शहापूर

ताई, लई उपकार. हिला दाखवलं तुमचं उत्तर, म्हणाली "ही पहिली बाई भेटली जिनं मला विचारलं". येतो आम्ही, रविवारी सकाळी ८ ला जांबोटीला.

दरम्यान एवढं ठरवलंय. शॉकअप नवीन मागवलाय, गाडी विकायची असली तरी ज्याला देणार त्याच्या मागं पण कोणीतरी बसणारच की. दोन ब्रँडच्या पार्ट काउंटरला जाऊन आलो, एकाकडं तिन्ही पार्ट शेल्फवर होते, दुसऱ्याकडं तिन्ही "मागवू की". हिला तिन्ही गाड्यांवर बसवून बघायला नेलं. एकीवर ती चढलीच नाही, उतरा म्हणाली. पाडव्यापर्यंत घेणार, बिगर एबीएसच्या गाडीवर पुढच्या पावसात हिला चोर्ल्याला नेणार नाही एवढं पक्कं.

मिस्त्रीला पण सांगितलं. थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला नवीन गाडी आली की आधी माझ्याकडं आणा, खोलून बघतो काय काय आहे आत.

चंदगडकर, एनओसीचं उद्याच विचारतो आरटीओला.