सोळा साच्यांत पोरगी बसते काय?

महालकर:
भाचीची दहावी झाली. कल तपासायला तिला शहरातल्या एका समुपदेशकाकडे नेलं. दीड तासात कागद हातात: 'अंतर्मुख. सतत लोकांशी बोलावं लागेल असं काम टाळावं.' पोरीला वकील व्हायचंय. त्या दिवसापासून ती विषयच काढत नाही.

माणसांचे सोळा प्रकार पाडणारी ही चाचणी (एमबीटीआय) स्विस मानसोपचारतज्ज्ञ युंगच्या १९२१ च्या ग्रंथावर बेतलेली. ती तयार केली ब्रिग्ज आणि मायर्स या अमेरिकन मायलेकींनी. मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण दोघींचंही नव्हतं. माझा राग त्यावर नाही, मधोमध मारलेल्या रेघेवर आहे. बहुतेक माणसं मध्याच्या आसपासच असतात. एक गुण इकडे पडला की अंतर्मुख, तिकडे पडला की बहिर्मुख! निखळ अंतर्मुख माणूस खुद्द युंगलाही मान्य नव्हता. स्वभाव मोजून पोरांची वाट ठरवणं बंदच करा.

बुटीबोरीकर:
महालकर भाऊ, साचे चुकीचे हे मान्य. पण म्हणून मोजणंच बंद? मी कारखान्यात भरती पाहतो. ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोशातून माणसाचं वर्णन करणारे जवळपास १८ हजार शब्द वेचले. कॅटेलने गाळत गाळत सोळा घटक काढले, पुढे इतरांच्या हाती पाच उरले: मोकळेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सलोखा, भावनिक अस्थिरता. यात खोके नाहीत, पट्टी आहे. कर्तव्यदक्षता तर जवळजवळ प्रत्येक कामात उपयोगी ठरते, आम्हाला ते रोज दिसून राहिलं आहे. जुळ्यांच्या अभ्यासांत माणसामाणसांच्या स्वभावातल्या फरकाचा ४० ते ५० टक्के वाटा आनुवंशिक निघतो. स्वभाव हवेत नसतो ना भाऊ.

धंतोलीची ताई:
तुमची पट्टी 'किती' ते सांगते, 'काऊन' ते सांगत नाही. फ्रॉइडची १९२३ ची मनाच्या तीन कप्प्यांची (इड, इगो, सुपरइगो) मांडणी तपासून पाहता येत नाही, हे खरं. पण माणसाच्या मनात भीती आली कुठून, हा प्रश्न त्याने विचारला.

आणि पट्टीचं तरी काय? मानसशास्त्रज्ञ मिशेलने १९६८ मध्येच दाखवलं की अशा चाचण्यांचा प्रत्यक्ष वागण्याशी सहसंबंध क्वचितच ०.३० च्या वर जातो; पूर्ण जुळलं असतं तर तो १ असता. आमच्या बँकेत एक जण वर्षभर मान वर करत नाही. नागपुरातल्या मारबतीच्या मिरवणुकीत 'घेऊन जाय गे मारबत' ओरडून त्याचाच घसा बसतो.

बुटीबोरीकर:
ताई, मारबत वर्षातून एकदा. एपस्टाइन या मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये अनेक दिवसांच्या वागण्याची सरासरी काढली, तेव्हा सातत्य दिसलंच. एका चेंडूवरून फलंदाज ठरवता काय?

धंतोलीची ताई:
सरासरी तुमच्या भरतीला पुरते, या पोरीला नाही पुरत. मिशेलनेच पुढे १९९५ मध्ये सहकारी शोडासोबत मांडलं की माणसाचं सातत्य 'जर-तर'मध्ये असतं: जर अमुक प्रसंग, तर अमुक वागणं. महालकर, ती गप्प कोणापुढे असते आणि बोलते कोणापुढे?

महालकर:
पाहुण्यांपुढे तोंड उघडत नाही. शाळेच्या वादविवादात मात्र दोन वर्षं बक्षीस! समोर अनोळखी माणसं, पण हाती मुद्दा असला की बोलते. त्या कागदावर हे कुठेच नाही.

बुटीबोरीकर:
माझ्या पट्टीवरही नसतं, कबूल. मोजणं मी सोडणार नाही. वकिलीत फायली वाचणंही खूप असतं, तिथे कर्तव्यदक्षताच लागेल. पण 'टाळावं' असं लिहायचा अधिकार कोणत्याच चाचणीला नाही.

धंतोलीची ताई:
मानसशास्त्रज्ञ बांडुराने १९७७ मध्ये सांगितलं, 'मला हे जमेल' हा विश्वास सगळ्यात पक्का होतो तो स्वतः करून पाहिल्याने. त्याखालोखाल दुसऱ्याला करताना पाहून. कागदाने घाव घातला तो नेमका त्यावर. तिला कोर्ट दाखवा.

महालकर:
सोमवारी सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात नेतो. मागच्या बाकावर बसून सुनावणी ऐकू. तिला अजून सांगितलं नाही.