ट्रिपल सीटमध्ये भावाचं लायसन्स जप्त, गाडीवर जुनी ई-चलानं पण बाकी, आधी काय निस्तरायचं?

कराडची_ताई
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय. लहान भाऊ पुण्यात नोकरीला आहे, गाडी बाबांच्या नावावर, एमएच 50 पासिंग. मागच्या आठवड्यात मित्राला आणि त्याच्या भावाला स्टेशनवर सोडायला ट्रिपल सीट गेला, नाक्यावर पोलिसांनी अडवलं, चलान केलं आणि लायसन्स ठेवून घेतलं, हातात एक पावती दिली. म्हणाले लायसन्स आरटीओला जाणार, तीन महिने सस्पेंड होईल. त्यानंतर ऑनलाइन बघितलं तर गाडीवर आधीची पण चलानं निघाली, सिग्नलची, नो पार्किंगची, काही तर बाबांना माहीतच नाहीत कारण मेसेज त्यांच्या जुन्या बंद पडलेल्या नंबरवर जातायत. भाऊ म्हणतोय सगळे पैसे भरून टाकू म्हणजे लायसन्स परत मिळेल. खरंच असं होतं का? आणि ती पावती दाखवून तोवर गाडी चालवता येते का, कारण त्याचं ऑफिस लांब आहे आणि बस बदलून जावं लागतं. बाबा खूप टेन्शनमध्ये आहेत, प्लीज नीट सांगा.

सांगवीकर_79
ताई घाबरू नका, सगळ्यांचं होतं हे. पावती आहे ना, मग चालवू द्या बिनधास्त. लायसन्स पोलिसांकडे जमा असलं की पावतीच लायसन्स म्हणून चालते, माझ्या मेव्हण्याने तशीच चालवली होती.

वकील_हडपसर
सांगवीकर दादा, थांबा, इथे चुकीचा सल्ला जाईल. मोटार वाहन कायद्याच्या कलम 206 मध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एरवी लायसन्स घेतलं तर मिळणाऱ्या पावतीवर ठरलेल्या तारखेपर्यंत चालवता येतं, तुमच्या मेव्हण्यांचं तसं असेल. पण 2019 च्या दुरुस्तीत पोटकलम 4 आलं. स्पीड, मोबाइलवर बोलत चालवणं, दारू पिऊन चालवणं, ट्रिपल सीट, हेल्मेट नसणं, असल्या गुन्ह्यांत पोलीस लायसन्स घेऊन कलम 19 च्या, म्हणजे लायसन्स सस्पेंड किंवा रद्द करायच्या, कारवाईसाठी आरटीओकडे पाठवतात, आणि तिथे कायदा सरळ म्हणतो की या पावतीवर लायसन्स परत मिळेपर्यंत गाडी चालवता येणार नाही. त्यामुळे ताई, पावतीवर कुठलं कलम लिहिलंय ते आधी बघा. ट्रिपल सीटला 194सी असतं, त्यात दंड आणि तीन महिने अपात्रता दोन्ही आहे. म्हणजे भावाने आजपासून हँडलला हात लावायचा नाही, ऑफिस कितीही लांब असू दे.

आता मुख्य गोष्ट. चलान गाडीच्या नंबरवर चढतं आणि सस्पेन्शन माणसाच्या लायसन्सवर, ही दोन खाती वेगळी आहेत. सगळी चलानं भरली तरी सस्पेन्शन उठत नाही, आणि उलट सस्पेन्शनचे तीन महिने संपले तरी चलान माफ होत नाही. लोक नेमके इथेच फसतात, पैसे भरले म्हणून गाडी काढतात आणि पुढच्या नाक्यावर अपात्र असताना गाडी चालवल्याचं कलम 182 लागतं, 10,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

आरटीओ थेट सस्पेंड करू शकत नाही, आधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. कारणे दाखवा नोटीस आली की दुर्लक्ष करू नका, भावाने स्वतः हजर राहून लेखी द्यावं. आधी कधी असा गुन्हा नसेल तर तसं लिहावं, त्या वेळी नेमकं काय झालं तेही. खोटं काही लिहू नका. ऑर्डर मान्य नसेल तर ती मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील करता येतं. आणि ऑर्डरमध्ये रिफ्रेशर ट्रेनिंगचं लिहिलेलं असेल तर ते केल्याशिवाय लायसन्स हातात येणार नाही, तेही आत्ताच वाचून घ्या.

एमएच12_रायडर
वकील साहेबांनी लिहिलंय ते बरोबर, मी फक्त जुन्या चलानांबद्दल सांगतो. भरायच्या आधी प्रत्येक चलानाचा फोटो उघडून बघा, ट्रॅफिक पोलिसांच्या महाट्रॅफिक अ‍ॅपवर दिसतो. झूम करा. आमच्या सोसायटीतल्या एका काकांना आलेल्या फोटोत नंबर प्लेटवर 3 होता की 8 हेच कळत नव्हतं, प्लेटवर चिखल, आणि गाडी बघितली तर मोपेड, काकांची बुलेट. असं काही असेल तर पैसे न भरता अ‍ॅपवरच तक्रार टाका, सोबत आपल्या गाडीचा फोटो आणि आरसी. जी खरोखर आपली आहेत ती मात्र भरून टाका, थकलेली चलानं पुढे कोर्टात जातात आणि गाडी विकायला काढली की ट्रान्सफर तिथेच अडकते. लोक अदालतीत पण घेऊन जाता येतात, नोटीस आली असेल तर जा, पण सूट मिळेलच असं धरून चालू नका आणि तिथे तडजोड झाली की त्यावर अपील नसतं.

आणि एक, ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके फाइल (उघडली की मोबाइलमध्ये अ‍ॅप बसवणारी) व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतेय, ती कृपा करून बाबांना उघडू देऊ नका, बँक खातं रिकामं होतं. पैसे फक्त गव्ह डॉट इनने संपणाऱ्या साइटवर किंवा चौकीत पोलिसांच्या मशीनवरच भरा.

कोल्हापुरी_मिसळ
मला एकाने सांगितलं होतं की सस्पेंड असताना गावाकडच्या आरटीओतून दुसरं लायसन्स काढता येतं. तसं केलं तर?

वकील_हडपसर
अजिबात नको. सारथीवर, म्हणजे लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर, देशभरातली लायसन्स एकाच ठिकाणी दिसतात, कराडला अर्ज केला तरी पुण्याचं रेकॉर्ड समोर येईल. आणि अपात्र असताना नवीन लायसन्ससाठी अर्ज करणं हाच कलम 182 खाली गुन्हा आहे. कुठला एजंट असं करून देतो म्हणाला तर उठून चालू लागा.

ताई, अजून एक तुमच्या बाबांसाठी. गाडी त्यांच्या नावावर आहे, तर लायसन्स नसताना भावाला चालवू दिली म्हणून कलम 180 खाली मालकावरही कारवाई होते, 5,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. त्याहून मोठी भीती अपघाताची. जखमी माणसाला विमा कंपनी पैसे देते, पण चालकाकडे वैध लायसन्स नव्हतं म्हणून तेच पैसे मालकाकडून वसूल करायला कोर्ट परवानगी देऊ शकतं, आणि त्या रकमा लाखांत असतात. तीन महिने गाडी कराडला नेऊन ठेवा किंवा लायसन्स असलेल्या माणसालाच द्या.

कराडची_ताई
खूप खूप आभार सगळ्यांचे. पावती बघितली, 194सी च लिहिलंय. भावाकडून गाडीची चावी घेऊन मित्राकडे ठेवायला लावलीय, तो रागावलाय पण विम्याचं वाचून दाखवल्यावर गप्प बसला. चलानांचे फोटो रात्री एकेक करून बघणार. फक्त बाबांचा मोबाइल नंबर कुठे बदलायचा?

एमएच12_रायडर
परिवहनच्या वाहन पोर्टलवर मोबाइल नंबर अपडेटचा पर्याय आहे, गाडी नंबर, चेसिस नंबर, इंजिन नंबर लागेल, आरसी हाताशी ठेवा. आधारवरचा मोबाइल पण बंद पडलेलाच असेल तर आधी आधार केंद्रात जाऊन तो बदला, नाहीतर ओटीपी त्या जुन्या नंबरवरच जाईल. लायसन्सवर भावाचा नंबर आणि पत्ता कुठला आहे तेही सारथीवर बघा, आरटीओची नोटीस त्याच पत्त्यावर येणार.

कराडची_ताई
लायसन्सवर कराडचाच पत्ता आहे. आईला सांगून ठेवते, पोस्टमन आला की पाकीट उघडून लगेच फोटो पाठव म्हणून.