नाटक पाहणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी काम नसतं म्हणे!

धानवाला
त्या पोस्टखाली दोन ओळी टाकून मोकळा होणार होतो, पण राग उतरेना, म्हणून वेगळा धागा. ज्यांच्या नजरेतून सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपल्याच भागातला, आता नागपुरात नोकरीला असलेला एक भाऊ लिहितो की गावच्या लोकांना सुट्टी घालवता येत नाही. सकाळी निघावं, मॉलमध्ये सिनेमा पाहावा, संध्याकाळी देशपांडे सभागृहात मुंबईचं नाटक, मग हॉटेलात जेवून घरी. आणि वरून ठसका असा की रात्रभर तणशीवर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, बसून झाडीपट्टीचं, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याचं, नाटक पाहणं त्यांनाच परवडतं, ज्यांना दुसऱ्या दिवशी काम नसतं.

काम नसतं? अरे बाबा, धान कापून, बांधून, चुरून घरात येईस्तोवर माणसाची कंबर जाते. दिवाळीनंतर हातात चार पैसे येतात, म्हणूनच आपला नाटकांचा सीझन भाऊबीजेच्या आसपास सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. रविवार आम्हाला बाकी वारांसारखाच. सुट्टी म्हणजे मंडईचा, गावच्या जत्रेचा दिवस, नाहीतर नाटकाचा.

आणि नागपूर काय शेजारच्या गल्लीत आहे? आपल्या नाटकांचं ठाणं असलेल्या गडचिरोलीतल्या वडशाहून दीडशे किलोमीटरच्या घरात. नागपूर-नागभीडची छोटी रेल्वे लाईन 2019 ला रुंदीकरणासाठी बंद केली. संध्याकाळचं नाटक सुटल्यावर आमच्या गावाची कोणती एसटी मिळते, ते त्या भावानं सांगावं. इकडे रात्री दहाला पडदा उघडतो, उजाडता उजाडता संपतो, पाहुणा पहिल्या गाडीने घरी. रात्रभराचं नाटक हा अडाणीपणा वाटत असेल तर ब्रह्मपुरीकडच्या जंगलातून मध्यरात्री मोटारसायकलवर येऊन दाखव. वाघ तिकीट विचारत नाही.

नागपुरी पोट्टा
तो भाऊ मीच. नाव न घेता टोमणे मारायची काही गरज नव्हती.

मी सिंदेवाहीकडचा. बाबांच्या मांडीवर झोपून मी जेवढी नाटकं काढली तेवढी इथे अर्ध्या लोकांनी जागेपणी पाहिली नसतील. मागच्या हिवाळ्यात सुट्टी टाकून मुद्दाम आलो. तीन तासांचं कथानक, उजाडेपर्यंत ताणलेलं. बाप मरतो, पोरगी टाहो फोडते, आणि आपण डोळे पुसायच्या आत लाईट लाल-हिरवे होऊन डान्स सुरू! मी पुढेच बसलो होतो, तर प्रॉम्प्टरचं वाक्य आधी ऐकू यायचं आणि नटाचं नंतर. एकदा नटानं विंगेकडे तोंड करून सरळ "काय?" असं विचारलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या!

सभागृहात तालीम केलेलं नाटक मिळतं आणि पाठ टेकायला खुर्ची असते. मला आठवड्यात एक सुट्टी. ती कुठे घालवावी हे गावानं ठरवू नये. "काम नसतं" हा शब्द जरा जास्त झाला असेल, पण बाकी सगळं कायम.

ऑर्गनवाला
पोट्ट्या, तू ज्याला हसलास तो नट सीझनमध्ये जवळजवळ रोज वेगळ्या गावात असतो, कधी कधी वेगळ्या नाटकात. दिवसा गाडीत मान टाकून झोप, रात्री तोंडाला रंग. तालमीला दिवस कुठून आणायचा? मी मंचापुढे तबलेवाल्याच्या बाजूला बसतो. वाक्य अडकलं की त्याची बोटं धोतराच्या काठावर कशी फिरतात ते मला दिसतं. मग मी दोन सूर जास्त लांबवतो, तेवढ्यात त्याला आठवतं. तुला वाटतं पार्श्वसंगीत चाललंय.

राहिलं डान्सचं. वडशात नाटक मंडळांच्या ऑफिसात गावोगावच्या कमिट्या बुकिंगला येतात. कथानक काय, लेखक कोण, हे कोणी विचारत नाही. पहिला प्रश्न: डान्सर किती आणता? दुसरा: हिरोईन कुठली? मंडळवाल्यालाही पोट आहे. 2023 ला आपल्या झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले. त्यातल्या कोणी कमिटीत बसून म्हटलं का, की यंदा डान्स नको, नाटक द्या?

चुलीपासली
सगळ्या भावांचं झालं असन तर मी बोलू का?

तुमची सुट्टी सिनेमात का नाटकात, यावर भांडून रायले. माही सुट्टी कोनती ते सांगा ना. गावात नाटक असलं का दुपारपासून पाहुणे. नणंदा, जावई, जावयाचे भाऊ, भावाचे दोस्त. दोस्तायचे तर नावंबी मालूम नसते. बडे तळा, सुवाऱ्या लाटा, एका गंजात कोंबड्याचा रस्सा, अन् माळकऱ्यासाठी दुसऱ्या गंजात आलू-वांगे. शेवटची पंगत उठते तवा तिकडे लाऊडस्पीकरवर नांदी होऊन गेली असते. मंग मी भांडे घासता घासता हिरोईनचं रडनं ऐकतो, अन् ते दिसते कशी हे सकाळी नणंदेले विचारतो. माहं तिकीट काढतात, हां! त्याच्यावर कोनता तरी दोस्त जाते.

एकदा नागपूरले सिनेमा पाहाले नेलं होतं. तीन तास कोनी मले चहा मांगितला नाई. सिनेमा कोनता होता ते आता ध्यानातबी नाई.

धानवाला
ताई, तुमचा त्रास खरा आहे, पण धागा नाटकाचा आहे. पाहुणचार ही आपल्याकडची रीत. त्याच्यासाठी वेगळा धागा काढा.

चुलीपासली
वेगळा धागा काढतो, वेगळी चूल मांडतो, अजून काय वेगळं करू भाऊ?

जुना प्रेक्षक
मूळ दुखणं कोणी बोलतच नाही. नाटक होतं पटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीच्या, जोरावर. दिवसा शंकरपट, रात्री नाटक, अशी जोडी होती. 2014 ला सुप्रीम कोर्टानं बंदी घातली आणि आमच्या गावात पटाबरोबर नाटकही बसलं. 2021 च्या डिसेंबरात परवानगी आली, 2023 ला घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला, पण तोवर आमच्या दाणीवर, जिथे बैल पळायचे तिथे, घरं उठली होती. बैलजोडी ठेवणारेही उरले नाहीत. यावर धागा काढा.

आणि पाहुण्यांचं म्हणाल तर आमच्या मायनं जन्मभर पंगती वाढल्या, कधी तक्रार केली नाही.

चुलीपासली
तुमी कधी विचारलं होतं का मायले?

माहेरवाशीण
थांबा हो, ताईचं सगळंच खरं धरू नका. मी जावयासोबत येणारी ती नणंदच आहे. वर्षभर सासरी कोणी "जा" म्हणत नाही. भावाचा फोन आला की "नाटक आहे, ये", मग सासूलाही नाही म्हणता येत नाही. दिवाळीला दोन दिवस आणि नाटकाला एक रात्र, एवढंच माझं माहेर. नाटक बंद करा, सिनेमा पाहा म्हणणाऱ्यांना काय जातं? मॉलमध्ये सिनेमा पाहायला कोणता भाऊ बहिणीला बोलावतो? माझ्या चुलतबहिणीची सोयरीकही नाटकाच्या सकाळी चहावर जमली.

चुलीपासली
नाटक बंद करा असं म्या कधी म्हटलं? बाई, तू ये. पन येशीन तवा पोळपाटाजोळ बस. दारात चपला काढते, अन् "वहिनी, मेकअप करू दे" म्हनते, ते नको.

माहेरवाशीण
मेकअप करते, कारण सासरी गेल्यावर वर्षभर पोळपाटच आहे.

चुलीपासली
हे मातर बरोबर बोलली.

गुरुजी
आपण सगळे खर्च विसरतो आहोत. खरेदी केंद्रावर दिलेल्या धानाचे पैसे यायचे असतात, धानावरच्या सरकारी बोनसचा पत्ता नसतो, पण कोंबडा उधारीवर येतोच. आणि दुसऱ्या दिवशी माझा वर्ग! अर्धी पोरं गैरहजर, उरलेली बाकावर डोकं ठेवून. नागपूरकर भावाची भाषा चुकली असेल, मुद्दा चुकलेला नाही.

धानवाला
गुरुजी, तुमचा पगार महिन्याच्या महिन्याला होतो, म्हणून आमचा कोंबडा तुम्हाला दिसतो. मागच्या वर्षी तुम्हीही पुढच्या खुर्चीत होतात. पंगतीलाही होतात.

गुरुजी
मी निमंत्रणावरून आलो होतो. वैयक्तिक पातळीवर येऊ नका.

नागपुरी पोट्टा
पाहा, मी "काम नसतं" म्हटलं तर माझ्यावर तुटून पडलात. ताईंना एवढं काम असतं की नाटक पाहता येत नाही, हे मला तरी कुठे माहीत होतं? आमच्या घरी आई नाटकाला का येत नाही, तर "तिला आवड नाही" असं आम्हाला सांगितलं होतं.

ऑर्गनवाला
बाया उशिरा येतात म्हणून काही गावांत पहिला अंक मुद्दाम रेंगाळवतात, गाणी आधी घेतात. तुला जे ताणलेलं वाटलं, त्यातलं थोडं या भांड्यांपायी असतं. सगळं नाही. बाकीचं कमिटीपायी.

धानवाला
बरं, महापाप माझंच. आमच्या गावचं नाटक पुढच्या महिन्यात आहे. यंदा कमिटीत मांडतो की पाहुण्यांचं जेवण समाजमंदिरात एकत्र, आचारी लावून, वर्गणीतून. लोक म्हणतील, घरी जेवायला घालत नाही, भिकारी झाला का? ते ऐकून घ्यायला ताईंनी माझ्या बाजूला उभं राहावं. आणि पोट्ट्याला आग्रहाचं निमंत्रण. खुर्चीचं तिकीट काढून ठेवतो, तुझी पाठ दुखायला नको.

नागपुरी पोट्टा
रविवार असेल तर येतो. पण डान्स सुरू झाला की मी बाहेर चहाच्या ठेल्यावर, आधीच सांगून ठेवतो.

ऑर्गनवाला
आचाऱ्याचं कमिटीत मांडतोस, मग डान्सचंही मांड ना. त्यावर चुप्प काहून?

चुलीपासली
आचारी ठरला का नाई ते आधी कळवा. तोवर जो कोनी येईल त्यानं जेवून या.