मजुरांसाठीचे ऑनलाइन कौशल्य प्रशिक्षण गावात टिकावे यासाठी काय करावे?

वाचनालय_दारव्हा

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातल्या एका गावात आम्ही काही जण सार्वजनिक वाचनालय चालवतो. गेल्या वर्षी वाचनालयाच्या मागच्या खोलीत दोन जुने संगणक, एक टीव्ही आणि सरकारच्या भारतनेट या इंटरनेट योजनेच्या ग्रामपंचायतीपर्यंत आलेल्या फायबरवर चालणारे वायफाय एवढी जुळवाजुळव करून शेतमजूर, जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात, हंगामी काम करणारे कामगार आणि बारावीनंतर घरी बसलेल्या मुली यांच्यासाठी ऑनलाइन प्रशिक्षण सुरू केले. स्किल इंडिया डिजिटल हब आणि स्वयम् या सरकारी व्यासपीठांवर बरेच अभ्यासक्रम विनाशुल्क असल्यामुळे फीची अडचण आली नाही. पहिल्या आठवड्यात चाळीसेक जणांनी नावे दिली. शेवटच्या धड्यापर्यंत पोचले ते चौघे, आणि त्या चौघांनाही त्या शिक्षणावर अजून काम मिळालेले नाही.

आता शेजारच्या दोन गावांनी आमच्याकडे असेच केंद्र मागितले आहे. जे एका गावात जमले नाही ते तीन गावांत पसरवावे का, असा प्रश्न मला पडला आहे. नेमके कुठे चुकले आणि वाढवायचे झाल्यास आधी काय बदलावे, याविषयी प्रत्यक्ष काम केलेल्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

शिल्पनिदेशक_वर्धा

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री या व्यवसायाचा शिल्प निदेशक आहे. चाळीसांतून चौघे उरले म्हणून खचून जाऊ नका. हार्वर्ड आणि एमआयटी या संस्थांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या २०१२ ते २०१८ या काळातील नोंदींचे विश्लेषण २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. त्यानुसार २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्या १०० जणांपैकी अभ्यासक्रम पुरा करणारे जेमतेम ३ होते, आणि शिकणाऱ्यांच्या संख्येत झालेली वाढही जवळजवळ सगळी संपन्न देशांतूनच आलेली होती. जगभरच्या गरीब कामकऱ्यांच्या दारात शिक्षण नेऊन ठेवू, असे म्हणत ज्या गोष्टीचा गाजावाजा झाला तिची ही स्थिती आहे. आपल्याकडे १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले तेव्हा घरी बसून वाचता येतील अशी पुस्तके तयार करूनही अभ्यासकेंद्र आणि तिथले संपर्कवर्ग ठेवावेच लागले. एकट्याने शिकणारा माणूस पहिल्या अडचणीला थांबतो, कारण ती अडचण विचारायला समोर कोणी नसते. तुमच्या खोलीत संगणक होते, पण धडा अडला तर विचारायचे कोणाला, हे ठरलेले होते का?

दुसरी गोष्ट विषयाच्या निवडीची, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. गावाच्या आसपास ज्या कामाला माणूस मिळत नाही, ते काम आधी शोधावे आणि अभ्यासक्रम नंतर. आज आपल्याकडे असे एक काम डोळ्यांसमोर आहे. मागेल त्याला सौर कृषी पंप या योजनेत शेतकरी किमतीच्या १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींचा शेतकरी ५ टक्के रक्कम भरतो, जमिनीनुसार ३, ५ किंवा ७.५ अश्वशक्तीचा पंप त्याला मिळतो आणि पुढची ५ वर्षे देखभाल पुरवठादाराकडे असते. प्रत्यक्षात कंट्रोलर, म्हणजे पॅनेलची वीज पंपाला पुरवणारी पेटी, बंद पडला की दुरुस्तीचा माणूस लांबून येतो, आणि तो येईपर्यंत हरभऱ्याची ऐन फुलोऱ्यातली पाण्याची पाळी चुकते. तालुक्यात दहा-बारा जाणकार हात तयार झाले, तर त्यांना काम शोधत पुण्याला जावे लागणार नाही.

मात्र हे शिक्षण केवळ पडद्यावर होत नाही, हे ठामपणे सांगतो. पॅनेलची मांडणी, व्होल्टेजचे हिशेब, कंट्रोलरवरच्या सूचनांचा अर्थ एवढे ऑनलाइन उत्तम शिकवता येते, किंबहुना फळ्यापेक्षा चांगले. पण पंप चालू असताना डीसी, म्हणजे पॅनेलमधून एकाच दिशेने येणाऱ्या विजेची, जोडणी ओढून काढायची नाही, हे वाक्य मुलांना पाठ असते आणि तरी शेतात हात नेमका तिकडेच जातो. घरच्या विजेचा एसी प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो म्हणून त्याची ठिणगी लवकर विझते; डीसीची विझत नाही, ती ओढली जाते, आणि प्लास्टिक वितळून हात भाजतो. मागच्या उन्हाळ्यात एका मुलाने व्हिडिओ तीनदा पाहून तारेला पिन बसवली होती. दिसायला अगदी पक्की होती. मी दोन बोटांनी हलके ओढली तेव्हा ती तारेतून निसटून माझ्या तळहातावर आली. किती जोर लावून दाबायचे, हे त्याला पक्कड हातात घेतल्याशिवाय कळणे शक्यच नव्हते. राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचा सूर्यमित्र हा अभ्यासक्रम ६०० तासांचा आणि निवासी आहे, त्यामागे हेच कारण असावे.

म्हणून माझी सूचना अशी, की सिद्धान्ताचा भाग वाचनालयात टीव्हीवर सगळ्यांनी मिळून पाहावा आणि हाताच्या कामासाठी जवळच्या आयटीआयच्या प्राचार्यांना भेटून सुट्टीच्या दिवशी कार्यशाळा उघडी मिळते का, ते विचारावे. जिल्ह्याच्या ठिकाणी अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते. तिथे मोटार रिवाइंडिंगसारखे सुमारे महिनाभराचे वर्ग राहण्या-जेवणासह विनामूल्य होतात. गावात पाया घालून मुले तिथे पाठवली, तर त्या महिन्याचे चीज होईल.

सेवाकेंद्र_मंगरुळपीर

सरांनी सांगितलेले सगळे योग्यच आहे. मी वाशिम जिल्ह्यात आपले सरकार सेवा केंद्र चालवते आणि बचत गटाच्या महिलांची अशा अभ्यासक्रमांसाठी नोंदणी करून देते, त्या अनुभवावरून थोडे लिहिते.

बायकांची गळती अभ्यास कठीण म्हणून होत नाही. ती बहुतेक वेळा ओटीपीपाशी होते. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक नवऱ्याचा असतो. तो सकाळी मोबाइल खिशात घालून वावरात जातो, ताई दुपारी केंद्रावर येते, ओटीपी तिकडे वाजतो आणि इकडे पडद्यावरची वेळ संपते. असे दोनदा झाले की ती तिसऱ्यांदा येत नाही, आणि आपण नोंदीत ‘अनुपस्थित’ लिहून मोकळे होतो. आमच्याकडे आता वर्ग सुरू करण्याआधी पोस्टमनदादांना बोलावून महिलांचे स्वतःचे क्रमांक आधारला जोडून घेतो. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत ही सेवा घरपोच मिळते. या एका दिवसाने जेवढा फरक पडला तेवढा नव्या संगणकाने पडला नसता.

वर्ग कोणत्या महिन्यांत घेतला, हे आपण लिहिलेले नाही. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी, मग जानेवारीपर्यंत कापसाची वेचणी, पाठोपाठ तूर. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे वर्गात घालवलेला तास म्हणजे तेवढा कापूस कमी आणि तेवढे पैसे कमी. त्या दिवसांत कोणी आले नाही तर तो त्यांचा निरुत्साह समजू नये. आमच्या भागात मार्च ते मे हेच खरे मोकळे दिवस आहेत. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या रोवणीमुळे आणि गडचिरोलीत तेंदूपानांच्या हंगामामुळे हे दिवस वेगळे धरावे लागतील. वेळ रात्री साडेआठची ठेवा आणि मुलींसाठी जागा त्यांच्याच मोहल्ल्यातली, समाजमंदिर किंवा अंगणवाडी, पाहा.

भाषेकडेही लक्ष द्यावे. एका अभ्यासक्रमात यंत्राने केलेल्या भाषांतरात विजेच्या करंटला ‘वर्तमान’ असे लिहिलेले मी स्वतः पाहिले. शिकणारी मुलगी ते तसेच वहीत उतरवून घेत होती. निवड करण्याआधी आपल्यापैकी कोणीतरी अभ्यासक्रम पहिल्या धड्यापासून शेवटपर्यंत पाहिलेला असावा.

भिवापूर_ते_बुटीबोरी

मी शिकणाऱ्याच्या बाजूने लिहितो. बारावीनंतर एका खासगी संस्थेने ‘ऑनलाइन प्रशिक्षण आणि शंभर टक्के नोकरी’ असे सांगून माझ्याकडून साडेतीन हजार रुपये घेतले. आईने ते गटातून कर्ज काढून दिले होते. महिनाभर व्हिडिओ आले, एक रंगीत प्रमाणपत्र आले, आणि नोकरी म्हणून परराज्यातल्या एका गोदामाचा पत्ता आला, जिथे प्रमाणपत्र कोणी पाहिलेसुद्धा नाही. खोलीभाडे आणि जेवण जाऊन हातात काही उरत नव्हते, म्हणून तिसऱ्या महिन्यात परत आलो. गावात केंद्र काढणाऱ्यांनी कृपया मुलांना एवढे तरी समजावून सांगावे, की प्रमाणपत्र राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यातल्या कोणत्या स्तराचे आहे आणि ते देणारी संस्था मान्यताप्राप्त आहे का, हे पैसे भरण्याआधी पाहावे.

नंतर मला उपयोगी पडली ती शिकाऊ उमेदवारी. अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवून बुटीबोरीच्या एका कारखान्यात लागलो. दिवसा यंत्रावर काम आणि रात्री खोलीवर मोबाइलवर त्याच यंत्राचे धडे, असे वर्षभर चालले. तोच ऑनलाइन अभ्यास, जो गावात असताना डोक्यावरून जात होता, तो आता समजू लागला, कारण सकाळी हात लावलेली वस्तूच रात्री पडद्यावर दिसत होती. विद्यावेतनातला २५ टक्के भाग, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार देते, त्यामुळे लहान कारखानेही उमेदवार घ्यायला तयार होतात. तुमच्या तालुक्यातले जिनिंग-प्रेसिंगवाले, सौर पंपांचे पुरवठादार, ट्रॅक्टरची वर्कशॉपे यांच्यापैकी दोघांशी आधी बोलणे करा, मग वर्ग भरवा.

वाचनालय_दारव्हा

आपण तिघांनीही मनापासून लिहिलेत, आभारी आहे. ताई, आमचा वर्ग ऑक्टोबरमध्ये सुरू झाला होता. हे लिहिताना मला वाईट वाटते आहे, कारण वेचणीच्या दिवसांत मी स्वतः घरोघर जाऊन ‘वर्गाला का आला नाहीत’ असे विचारत होतो.

सर, एकच शंका उरते. शेजारच्या दोन गावांना आत्ता होकार द्यावा की वर्षभर थांबावे? आणि टीव्हीसमोर बसून अडलेले समजावून देणारी व्यक्ती शिक्षकच असावी का? आमच्या गावात पंपांच्या मोटारी दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे.

शिल्पनिदेशक_वर्धा

त्या काकांनाच बसवा, आणि त्यांना मानधन द्या. व्हिडिओ थांबवून ‘हे असे का केले’ हे त्यांना सांगता आले की पुरे. लेखी भाग त्या चौघांपैकी एखादी मुलगी सांभाळेल. शेजारच्या गावांना नाही म्हणू नका, पण वेगळे केंद्र काढण्याऐवजी या मार्चमध्ये त्यांची पाच-पाच मुले तुमच्याच खोलीत येऊ द्या. कार्यशाळेसाठी पत्र लिहिताना मुलांची संख्या आणि रविवारची तारीख नेमकी लिहा. मोघम पत्र टेबलावर पडून राहते.

वाचनालय_दारव्हा

काकांशी आज संध्याकाळी बोललो. मानधनाचे नंतर पाहू म्हणाले, पण एक जुना कंट्रोलर आणि जळालेली मोटार खोलीत आणून ठेवायची परवानगी त्यांनी मागितली आहे. पोस्टमनदादा येत्या शनिवारी येणार आहेत.